पाणी कोणत्या बाजूनं हटतं

आधी चुकलं ते जाळं.
चार बोटी घराचं, बाबांच्या हातचं,
सोसायटीत कुणी मोजूनही बघत नसे.
एक घर तीन बोटांचं, पुढचं मुठीएवढं,
आणि बाबा म्हणाले, "सुतालेच काईतरी झालं."

मग चहाचा कप.
कप पाटावर, आणि हात त्याच्या वीतभर डावीकडे
हवेला धरून बसलेला.
मग उंबरठा. तिथं थांबायचे,
पाय पुढे टाकून चाचपायचे,
भरल्या तलावात उतरताना चाचपतात तसे.
वय छप्पन्न.

लाखनीच्या शिबिरात डोळे दाखवले.
एक चष्मा. पुन्हा एक चष्मा.
तिसऱ्यांदा म्हणाले, डोळे तर चांगले आहेत.
"मंग बिघडलं काय?" आई मला विचारायची,
कारण मी आशाताई.
माझ्या रजिस्टरात बीपी, शुगर, खोकला, गरोदर,
याला रकाना नव्हता.

आणि आठवण म्हणाल तर शाबूत.
कुणाकडे मरळीचे किती बाकी,
कोणत्या साली सलंगावरून पाणी गेलं,
माझ्या लग्नात कोण जेवला नाही आणि का.
म्हणून गाव मानेना.
डोंगरवारांचा पुरुषोत्तम म्हणाला, दारू असेल.
बाबांनी कधी घेतली नाही हे त्याला माहीत होतं,
तोच पिऊन होता.

नागपूर. उजेडासमोर टांगलेली फिल्म.
अक्रोडासारखं दिसतं म्हणे;
मी कधी अक्रोड फोडला नाही.
मला दिसला मे महिन्यातला तलावाचा तळ:
करडा गाळ आक्रसलेला,
मधल्या भेगा काळ्या, रुंद.
डॉक्टरीणबाईंनी पेन टेकवलं मागच्या बाजूला,
बाईचा अंबाडा असतो तिथं.
"इथून सुकतंय. डोळे बघतात,
पण बघितलेलं इथं जुळत नाही.
आठवणीची जागा कानाच्या आत, खोल.
ती अजून बरीच भरलेली आहे."

बाहेर बाकावर
पवनीच्या स्टँडवर पंचवीस वर्षं गाड्या पुकारलेले नीळकंठराव
बायकोला म्हणत होते, "ते दे... ते... तहानेचं."
त्यांचं डावीकडून.
तुमसरच्या चांगुणाबाई, साठीच्या आतल्याच,
पोराला पाचव्यांदा विचारत होत्या, आपला नंबर झाला का.
त्यांचं खोलातून.
कागदावर आजाराचं नाव तिघांच्याही तेच.

परतीच्या गाडीत मी बाबांना सगळं सांगितलं.
ते खिडकीबाहेर,
म्हणजे खिडकीच्या थोडं वर, बघत होते.
मासळीचा भाव सांगावा तसं म्हणाले,
"तसंच रायते ते.
आपला तलाव जंगलाकडून सुकते, पाळीजवळ पानी रायते.
खैरीची बोडी पाळीकडूनच जाते, तुडूम गळते तिचं.
अन् देवतलावात मधातच बेट निंगते पयले.
ऊन एकच हाये ना वं माय."

भंडारा गेलं. नदीचा पूल गेला.
"मंग पाळीजवळचं कवा?"

मी कंडक्टरकडे सुटे मागत बसले.

आता सभेला जातात, हिशेब तोंडी सांगतात,
सही मात्र कागदाबाहेर, सतरंजीवर.
लोक हसत नाहीत. एकानं हसून बघितलं,
त्याची तीन सालांची बाकी बाबांनी सगळ्यांसमोर वाचली,
म्हणजे, आठवली.

काल दिवेलागणीला अंगणात सूत मागितलं.
"कायले?" म्हणत आईनं दिलं.
बाबा डोळे मिटून बसले.
बांबूची पट्टी, वेढा, गाठ. वेढा, गाठ.
मी मागून बोटं लावून मोजलं.
चार बोटी. पुन्हा चार बोटी.
दहा-बारा घरं मोजली असतील,
तेवढ्यात आईनं बटन दाबलं,
बाबांनी डोळे उघडले आणि पुढची गाठ
कुठच्या कुठं पडली.

"इझव तो लाइट," म्हणाले,
"मधात येते."